भाकरी कुणाच्या हातची?

मैत्रिणींनो, या खेपेच्या टपालात एक पत्र आले आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून. नाव छापू नका असे बजावले आहे, तेव्हा नाव नाही. अक्षर नीटस आहे, पण शेवटच्या चार ओळी घाईघाईने लिहिलेल्या. बहुधा आत कुकरची शिट्टी होत असावी.

त्या लिहितात, "माझे यजमान हायस्कुलात शिक्षक आहेत. माणूस देव आहे असं सगळं गाव म्हणतं, आणि ते खोटं नाही. दर महिन्याला कुणाची फी, कुणाची वही, कुणाचा चष्मा. गेली दोन वर्षं दिवाळी झाली की दोन मुलं आमच्याकडेच राहायला येतात. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परत येतात. मुलं गुणी आहेत. पण ताई, दोन वेळचा एवढा स्वयंपाक, धुणं, माझ्या दोन मुली, सासूबाईंचं पथ्यपाणी. हल्ली ती मुलं दारात दिसली की मला कंटाळा येतो. आणि कंटाळा आला की माझी मलाच लाज वाटते. ह्यांना काही बोलले तर म्हणतात, तू एवढ्या कोत्या मनाची असशील असं वाटलं नव्हतं. मी वाईट बाई आहे का?"

साडीवरचा शाईचा डाग कसा काढावा, मुरांब्याला पाणी का सुटते, याची उत्तरे मी हातासरशी लिहून टाकते. या पत्रापाशी मात्र चार दिवस अडले. आणि ते चारही दिवस मला माझे मामंजी आठवत राहिले.

माझे सासरे प्राथमिक शिक्षक होते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आधी शाळा स्कूल बोर्डाची होती, 1962 नंतर जिल्हा परिषदेची झाली. 1984 साली ते निवृत्त झाले आणि 1998 साली गेले. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. पावसाने एकदा पाठ फिरवली की विहिरीचा तळ दिसतो, आणि मेंढरांमागे माणसेही परागंदा होतात. असल्या गावात त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पाटीवर अ-आ-इ गिरवून घेतले. वर्तमानपत्रात नाव यावे असे काही केले नाही.

मी पुण्यात वाढलेली. 1974 साली लग्न होऊन त्या गावी गेले. लग्नानंतरची तिसरी की चौथी पहाट असेल. नव्या सुनेने लवकर उठावे म्हणून मी अंधारातच उठले आणि न्हाणीकडे जाताना सहज स्वयंपाकघरात डोकावले, तर चुलीपुढे मामंजी बसलेले! धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, पुढ्यात काटवट, आणि हातांच्या थापांखाली बाजरीची भाकरी गोल गोल फिरते आहे. शेजारी एक पोरगा फुंकणीने चूल फुंकतोय, दुसरा कांदा चिरतोय. मी जागच्या जागी थिजले. मनात आले, आत्याबाई आजारी पडल्या की काय? का सून उशिरा उठते म्हणून सासऱ्यांनी मला दिलेला हा टोला आहे?

आत्याबाई अंगणात शेणसडा घालत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "उठलीस? जा, चूळ भरून ये. भाकऱ्या ते करत्यात."

एवढेच. जसे काही सगळ्या जगात असेच चालते!

माझ्या माहेरी वडिलांनी पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हाताने भरून घेतला नव्हता. मी त्या दिवशी किती भाकऱ्या मोजल्या सांगू? एकवीस. सगळ्या सारख्या, पापुद्रा सुटलेल्या, एकही करपलेली नाही. पुढे मामंजींकडूनच मी बाजरीची भाकरी शिकले. बाजरीचे पीठ जुने झाले की कडवटते, म्हणून दळण आठ दिवसांचेच आणावे. आणि पीठ एका वेळी एकाच भाकरीचे मळावे, तेही तळहाताने चांगले रगडून. हे त्यांचे दोन नियम मी या पानावरून तुम्हाला पूर्वीही सांगितले असतील.

पुरुषमाणूस हे शिकला कुठे? शिकला साताऱ्याला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात.

कर्मवीरांचे नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? शाळेच्या पुस्तकात धडा होता, त्यांच्या शाळा तर गावोगाव. पण धड्यात वाचलेला माणूस वेगळा आणि मामंजींच्या तोंडून ऐकलेला वेगळा. मामंजी त्यांना 'अण्णा' म्हणत. सगळीच मुले म्हणत. अण्णांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापुराजवळच्या कुंभोजचा. स्वतःचे शिक्षण काही फार झाले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या सहवासात जातपात न मानण्याचे वळण लागले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकायला गावोगाव हिंडले, आणि हिंडता हिंडता खेड्यातली पोरे शाळेवाचून कशी वाढतात ते पाहत गेले. 1919 च्या ऑक्टोबरात कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली ती साताऱ्याला आणली. तिथे सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला. 1927 साली गांधीजी ते पाहायला आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

त्या काळी एका पंगतीला बसवणे म्हणजे काय होते, याची आज कल्पना येणार नाही. आणि पंगत म्हटली की स्वयंपाक आलाच. तो कुणी केला? इथे धड्यातले दोनच परिच्छेद ज्यांच्या वाट्याला येतात, त्या लक्ष्मीबाई येतात. अण्णांच्या पत्नी. मुले त्यांना 'वहिनी' म्हणत.

वहिनी खात्यापित्या जैन घरातल्या. सोवळे-ओवळे कडक, दिवसाउजेडी जेवायची चाल. अशा बाईच्या दारात नवऱ्याने एक दिवस महारामांगांची, धनगरांची, मुसलमानांची पोरे आणून उभी केली. तिला ते सहज पचले असेल का? नाहीच पचले. मामंजी नेहमी सांगत, वहिनी पहिल्यापासून देवी नव्हत्या. त्या अवघडल्या, मग हळूहळू सरावल्या, आणि शेवटी त्या पोरांच्या आईच झाल्या. पोरांच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून तापात कपाळावर घड्या ठेवण्यापर्यंत. मला वहिनींची ही गोष्ट त्या दागिन्यांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. सोने एकदा उतरवले की उतरवले. लहानपणापासून अंगात मुरलेले सोवळे रोज सकाळी उठून नव्याने उतरवावे लागते.

दागिन्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना गेला. आणि एकदा अण्णा गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही, पोरे उपाशी बसलेली. तेव्हा वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. त्यातून धान्य आले, पोरे जेवली. 30 मार्च 1930 रोजी वहिनी वारल्या. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. तोवर संस्था म्हणजे फक्त वसतिगृह होते. पुढचे अध्यापक विद्यालय, हायस्कुले, कॉलेजे, यांतले एकही त्यांनी पाहिले नाही.

मामंजी साताऱ्याला गेले ते 1940 साली, चौदा वर्षांचे असताना. त्या वर्षी अण्णांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले होते. फी नाही, राहणे-जेवण तिथेच, आणि त्याच्या बदल्यात मुलांनी श्रम करायचे. 'कमवा आणि शिका' ही अक्षरे आज पाटीवर रंगवलेली दिसतात. मामंजींच्या हातांना ती घट्ट्यांच्या रूपाने माहीत होती. शेतात खपायचे, दगड फोडायचे, शौचकूप धुवायचे, दळायचे, आणि पाळीपाळीने स्वयंपाक करायचा. कुणाची जात स्वयंपाकाची नाही आणि कुणाची झाडलोटीची नाही. वहिनींना जाऊन दहा वर्षे झाली होती. मामंजींनी त्यांना पाहिलेले नव्हते. पण जुनी मुले नव्यांना भाकरी थापायला शिकवताना वहिनींच्या गोष्टी सांगत, आणि तसे करता करता त्या पोरांनी वहिनींचे काम आपल्या हातात घेतले.

पुढे ते अण्णांच्याच अध्यापक विद्यालयात शिकले. ते वर्ष होते 1948. सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले होते. अशा अडचणीच्या वेळी अण्णांचा मुष्टिफंड कामी येई. घरोघरच्या बायकांनी दळणाआधी एकेक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि मुलांनी ते गोळा करायचे. मामंजी म्हणत, "लोक म्हणतात संस्था देणग्यांवर वाढली. आम्ही पोती उचललीत, आम्हाला विचारा. ती बायकांच्या मुठीवर वाढली." 1959 च्या मे महिन्यात अण्णा गेले. मामंजींनी ती बातमी शाळेत ऐकली, पोरांना सुटी दिली आणि स्वतः फळ्यापुढे बसून राहिले.

आता तुम्हाला वाटेल, असे संस्कार घेऊन आलेला माणूस घरी आल्या दिवसापासून चुलीपुढे बसला असेल. छे! इथेच खरी गोष्ट आहे, आणि ती मला मामंजींनी कधीच सांगितली नाही. सांगितली आत्याबाईंनी, माझ्या पहिल्या बाळंतपणात, शेक देता देता.

मामंजींचे लग्न झाले, बिऱ्हाड झाले, आणि बोर्डिंगात शिकलेली भाकरी ते चक्क विसरून गेले. घरात बायको होती ना! अण्णांचा दुसरा धडा मात्र पाठ होता. वाड्यावस्त्यांवरची हुशार पोरे दिसली की ती घरी आणायची. कधी दोन, कधी चार. तीन आपली, ही चार, म्हातारी सासू, आणि पगार प्राथमिक शिक्षकाचा, तोही कधी वेळेवर यायचा नाही. आत्याबाई पहाटे चारला जात्यावर बसत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांनी तिला नारळ वाढवला, हे त्या मला हसून सांगत.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. शेतकरी-मजूर सगळे सरकारी कामावर खडी फोडायला. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर सुखडी वाटत. कितीतरी पोरांचे आईबाप कामाच्या जागीच झोपडी करून राहिले, आणि त्यांतली पाच पोरे आमच्या मामंजींच्या घरी आली. धाकट्या नणंदेला त्याच सुमारास गोवर आला होता.

22 सप्टेंबरला शाळेत कर्मवीर जयंती. मामंजी ती दरवर्षी करत. फोटोला हार, पोरांना गूळ-शेंगदाणे आणि मग भाषण. त्या वर्षी गावच्या बायकाही बोलावल्या होत्या. मामंजींनी वहिनींच्या मंगळसूत्राची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्यांचा गळा भरून आला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. आत्याबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर तापलेली पोर.

रात्री सगळी पोरे जेवून निजल्यावर आत्याबाईंनी काय केले? गळ्यातली डोरल्याची पोत काढली, पाटावर ठेवली आणि नवऱ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "हे घ्या. उद्या बाजारला जाऊन इका. पन एक सांगा, माझी गोष्ट कोण सांगनार हाय का कुठं फोटूला हार घालून? अन् सांगितली तरी, तवर मी असंन का? वहिनी चाळिशीच्या आत गेल्या. तुमी भाषनात त्ये सांगत न्हाई."

आत्याबाई म्हणायच्या, "मला वाटलं, आता मारत्यात की काय. पर ते नुसतं बघत बसलं पोतीकडं."

मामंजींनी पोत उचलली, पुन्हा आत्याबाईंच्या हातात दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रात्रभर आत आले नाहीत. पहाटे आत्याबाईंना जाग आली ती थापांच्या आवाजाने. चुलीपुढे नवरा, आणि त्याच्या अवतीभवती डोळे चोळत बसलेली पाच पोरे. मिलोची भाकरी तुटत होती, आणि पोरांना तो सांगत होता, "उकड काढून घेतली की चिकटपणा येतो. आम्हाला बोर्डिंगात असंच शिकवलं होतं."

बोलून काही दाखवले नाही. माफीबिफी मागण्याची त्या पिढीची रीत नव्हती. पण त्या महिन्यापासून पगाराचे पाकीट आत्याबाईंच्या हातात येऊ लागले. न शिकलेल्या बाईला मामंजींनी अंकही शिकवले, म्हणजे तिचा हिशेब तिने करावा. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावरचे आकडे कोंबडीचे पाय उमटल्यासारखे, दहाव्या पानावर सुबक. आणि नवा पोरगा घरी आणायचा झाला की आधी विचारायचे. आत्याबाई कधी हो म्हणत, कधी म्हणत, "यंदा न्हाई जमायचं." मग मामंजी त्या पोरासाठी दुसरे घर शोधत, पाटलाकडे, सोनारकाकूंकडे, पण शोधत. 'नाही' म्हटल्याबद्दल आत्याबाईंना कधी कोतेपणाचा शब्द ऐकावा लागला नाही.

पुढच्या वर्षीच्या जयंतीलाही मामंजींचे भाषण झालेच. लग्नानंतर मीही ती भाषणे ऐकली. मंगळसूत्राशी ते आता थांबत नसत. वहिनी किती वाजता उठत असतील, किती जणांचे रांधत असतील, याचा हिशेब पोरांकडून फळ्यावर मांडून घेत. गणिताचा तास व्हायचा तो! माणशी तीन भाकऱ्या धरल्या, एका भाकरीला इतकी मिनिटे, तर तीस मुलांना किती तास? पोरे मोठमोठ्याने उत्तरे ओरडायची. आणि उत्तर फळ्यावर आले की मामंजी खडू खाली ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहायचे.

खरे सांगू? कधी कधी मला अण्णांचाही राग येतो. इतका मोठा माणूस, हजारो पोरांचे कल्याण केले, आज त्यांच्या संस्थेच्या शाखा सातशेच्या घरात आहेत. पण त्या घरातल्या बाईला थोडे आयुष्य जास्त मिळाले असते तर? मामंजींना मी एकदा धीर करून हे म्हटले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, अण्णांनी पोरांच्या हातात जातं आणि तवा दिला ना, त्यात वहिनींचीच आठवण असणार, असं मला वाटतं. मला काही कुणी असं सांगितलं नाही. पण मला वाटतं." अण्णांनी पुन्हा लग्न केले नाही, हेही त्यांनी वर सांगितले. यावर मी काय बोलणार?

मामंजी घरातला माणूस होते, हे मला माझ्या अनुभवाने कळले. दोन्ही नणंदा शिकल्या, थोरली डी.एड. होऊन शिक्षिका झाली, आणि तिच्या फीच्या वर्षी मामंजींनी नवे धोतर घेतले नाही. आम्ही नोकरीनिमित्त पुण्याला राहू लागलो तर दर सोमवारी पंधरा पैशांचे कार्ड. त्यात गाय व्यायली, पाऊस पडला नाही, अमुक पोरगा फायनलला पहिला आला, आणि शेवटी न चुकता, 'तुझी कंबर कशी आहे?' सासऱ्याने सुनेच्या कंबरेची चौकशी उघड्या कार्डावर करावी! पोस्टमन वाचत असेल या विचाराने मी लाजेने अर्धी होत असे. आज ती कार्डे काढून वाचते तेव्हा दुसरेच काही वाटते.

एक दोषही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंनी सासऱ्यांचा देव्हारा मांडला. माझ्या यजमानांच्या, म्हणजे पोटच्या पोराच्या वाट्याला मामंजी फार थोडे आले. शाळेतही गुरुजी, घरीही गुरुजी. बाप कधीच नाही. दुसऱ्यांच्या पोरांना पाठीवर थाप आणि ह्यांना छडी, का तर मास्तरच्या पोराचे लाड केले असे कुणी म्हणू नये! हे शल्य ह्यांच्या मनात अजून आहे. साठी ओलांडली तरी ह्यांना वाटायचे, आबांनी एकदा तरी शाबास म्हणायला हवे होते.

तर पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्ही वाईट बाई नाही. थकलेल्या बाई आहात. वहिनीही थकल्या असतील, पण त्यांना पत्र लिहायला असे पान नव्हते.

तुमच्या यजमानांना मी वाईट म्हणत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरांना घरात घेणारा शिक्षक मिळायला भाग्य लागते, आणि ती पोरे तुमच्याकडे नसती तर आज फडात मोळ्या बांधत असती. पण ही पोरे किती वर्षांची आहेत ते तुम्ही लिहिले नाही. हायस्कुलातली म्हणजे बारा-तेरा तरी असतीलच. त्या वयात पोरगा कणीक मळू शकतो, भाकरी थापू शकतो, आपले कपडे धुऊ शकतो. सुरुवातीला नकाशे होतील, होऊ देत. तुमच्या मुलींनाच तेवढे कामाला लावून पोरांना अभ्यासाला बसवत असाल, तर ते आजच बंद करा. मला तशी शंका येते म्हणून लिहिते. आणि पोरांना शिकवायला तुम्ही बसू नका. यजमानांनाच बसवा. शिक्षक आहेत ना? त्यांना येत नसेल तर पोरांबरोबर त्यांनीही शिकावे.

दुसरे, वेगळी वही घाला. त्या दोन मुलांचे महिन्याचे धान्य, तेल, साबण, दवापाणी, सगळे लिहा. कंजूषपणा म्हणून नाही; आकडा दोघांच्या डोळ्यांपुढे असला म्हणजे 'कोत्या मनाची' हा शब्द तोंडातून निघत नाही. आणि आळीतल्या चार घरांना विचारून पाहा. कुणी महिन्याला दोन किलो बाजरी देईल, कुणी रविवारचे जेवण. एका बाईला पोते जड होते, पण मुठी जमवून पोती भरलेली आमच्या मामंजींनी पाहिली होती.

पुढच्या दिवाळीला यजमानांनी मुलांना आणण्याआधी तुम्हाला विचारले नाही, तर तुम्ही होऊन बोला. आधी बोला. आत्याबाईंसारखी पोत काढून ठेवायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

मामंजी गेले तेव्हाचे एक सांगते आणि पुरे करते. 1998 चा मार्च होता. तेराव्याला माणसे इतकी आली की मांडव पुरेना. स्वयंपाकाला आचारी सांगितला होता, तो त्या गर्दीने गांगरला, भाकऱ्या कमी पडू लागल्या. तेवढ्यात पन्नाशीकडे झुकलेले, टक्कल पडलेले तीन-चार गृहस्थ चपला काढून थेट आत स्वयंपाकघरात शिरले. एक तहसील कचेरीत होता, एक एस.टी.त, एक शेती करणारा. बाह्या सारल्या आणि आत्याबाईंकडे परात मागितली. आम्ही सुना नको नको म्हणत होतो. आत्याबाईंनी सकाळपासून कुणाशी शब्द बोलला नव्हता, त्या उठल्या आणि स्वतः पिठाचा डबा काढून दिला.

थापा सुरू झाल्या. तहसीलवाल्या साहेबांची पहिलीच भाकरी तव्यावर टाकताना मधोमध तुटली. आत्याबाई भिंतीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "तुला तवाबी येत नव्हती रं."